वायरिंगचे नकाशे काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. पुढे सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि मग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स घेतलं. सांगली-मिरज भागात बंगले, रो-हाउस, दुकानं अशी कामं घेतो. कुपवाड एमआयडीसीत लहान युनिटची स्टार्टर-पॅनेलची कामं अधूनमधून येतात. आजवर आर्किटेक्टच्या प्रिंटवर लाल पेनानं पॉइंट मारून सगळं निभावलं. आता मात्र दोन आर्किटेक्ट म्हणतात, ‘इलेक्ट्रिकलचा नकाशा कॅडमध्येच, म्हणजे संगणकावर काढूनच द्या.’

पुतण्या म्हणतो, ‘काका, ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचा कोर्स करा, तेच खरं.’ मित्रानं लॅपटॉपवर क्रॅक केलेलं ऑटोकॅड टाकून दिलंय. मुलगी पॉलिटेक्निकला आहे, ती म्हणते फुकटची सॉफ्टवेअर भरपूर आहेत, नाहीतर कॉलेजकडून मिळालेलं माझं वापरा. एकदाच काय ते पैसे घालायची तयारी आहे, पण दरवर्षी वर्गणी भरणं जमणार नाही. शिवाय माझं वय आता चाळिशीच्या पुढे. नेमकं काय घेऊ, आणि शिकायला जमेल का?

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार,

सुरुवात पुतण्याच्या सल्ल्यापासून करते, कारण पैसे आणि वेळ दोन्ही वाया जाण्याची भीती तिथं सगळ्यात जास्त आहे. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल हे उत्तम साधन आहे, पण ते घराच्या वायरिंगसाठी बनवलेलं नाही. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांसाठी ते आहे. काँटॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल एका पानावर आणि तिचे काँटॅक्ट दुसऱ्या पानावर असले तर त्यांची सांगड घालणं, वायरींना आपोआप नंबर देणं, टर्मिनलची यादी काढणं, पीएलसीचे (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचे) इनपुट-आउटपुट मांडणं हे त्याचं काम. जर्मनीचं ई-प्लॅनही त्याच जातीचं. तुमच्या बंगल्याच्या नकाशात यातलं काहीच लागत नाही. हॉलमधला पंखा कोणत्या बोर्डावरून चालतो, गिझरची लाइन कुठून जाते, डीबीत, म्हणजे घराच्या वितरण पेटीत, किती एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) लागतील, हे दाखवायला साधं द्विमितीय कॅड पुरतं. नावात ‘इलेक्ट्रिकल’ असल्यामुळे तो कोर्स करून बसलेली आणि मग साध्या प्लॅनवर स्विचबोर्ड टाकताना अडणारी मुलं माझ्या पाहण्यात आहेत. पुतण्याची इच्छा चांगलीच आहे. त्याला स्वतःला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करायची असेल, तर त्यानं तो कोर्स जरूर करावा.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या प्रकारची कामं आहेत, हे आधी लक्षात घ्या. पहिलं म्हणजे प्लॅनवरचा लेआउट: आर्किटेक्टचा नकाशा खाली आणि त्यावर तुमचे पॉइंट, बोर्ड, पाइप. दुसरं म्हणजे सिंगल लाइन डायग्राम आणि स्टार्टरची आकृती. त्यात माप नसतं, फक्त कशाला काय जोडलंय ते असतं. पहिल्यात मापाला महत्त्व, दुसऱ्यात जोडणीला. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये करण्याचा हट्ट नको. तुमच्यासाठी ते दोन निरनिराळ्या साधनांत केलेलंच स्वस्त आणि सोपं पडेल.

आता क्रॅकविषयी. आपल्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास चालते की कुणाला त्यात वावगं वाटत नाही, म्हणून कायद्यात काय आहे ते सांगते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६३-बी आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्टाला सवलत देता येते. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. शिवाय क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच लॅपटॉपवरून तुम्ही जीएसटीचं रिटर्न भरता, बँकेचा व्यवहार करता. ते काढून टाका. मित्राला वाईट वाटेल, तरी काढा.

मुलीचं कॉलेजकडून मिळालेलं सॉफ्टवेअरही तुमच्या कामाला चालणार नाही. ती परवानगी शिक्षणापुरती असते. तिनं त्यावर शिकावं, अभ्यासाचे नकाशे काढावेत. गिऱ्हाइकाला जायचा नकाशा त्यात काढू नये.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट सांगते. लेआउटसाठी तुम्ही एकदाच पैसे भरून कायमचं घेता येणारं आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ प्रकारच्या, फाइलवर थेट काम करणारं कॅड घ्यावं. बेल्जियमचं ब्रिक्सकॅड, इटलीचं प्रोजेकॅड, चीनचं झेडडब्ल्यूकॅड आणि जीस्टारकॅड ही त्या गटातली नावं. दिसायला आणि हुकुमांच्या बाबतीत ती ऑटोकॅडच्या इतकी जवळ आहेत की गावातल्या क्लासमध्ये ऑटोकॅड शिकलेला मुलगाही पहिल्याच दिवशी त्यावर काम सुरू करतो. ऑटोकॅडची कंपनी ऑटोडेस्क २०१६ पासून नव्या गिऱ्हाइकाला कायमचं लायसन्स विकत नाही, फक्त वर्गणीवर देते. तुम्हाला वर्गणी नको आहे, म्हणजे तो रस्ता तुमच्यापुरता बंद झाला. पण एक पळवाट लक्षात असू द्या: ऑटोकॅड एलटी हे त्यातलं साधं, स्वस्त, द्विमितीय रूप महिन्याच्या वर्गणीवरही मिळतं. एखादं मोठं काम आलं आणि आर्किटेक्ट ऑटोकॅडवरच अडून बसला, तर तेवढ्या महिन्यापुरतं घ्या आणि तो खर्च त्या कामाच्या बिलात धरा.

डीडब्ल्यूजीवर मी एवढा जोर का देते? ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस बाजारात आलं आणि त्याची ही फाइल बांधकाम क्षेत्राची बोलभाषा होऊन बसली. तुमचे आर्किटेक्ट तीच पाठवतात आणि परत तीच मागतात. त्यांच्या फाइलमध्ये कॉलम, हॅच, फर्निचर, तऱ्हेतऱ्हेचे फाँट असं बरंच काही भरलेलं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरनं ती उघडताना भिंत हलवली किंवा एखादा ब्लॉक (एकत्र बांधलेलं तयार चिन्ह) गाळला, तर तुमचा पंखा बीमखाली जाऊन बसेल.

मुलगी म्हणते ते फुकटचंही खोटं नाही. लिब्रेकॅड पूर्ण मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि रेघा, लेयर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर), ब्लॉक, मापं हे सगळं शिकायला फार छान आहे. पण डीडब्ल्यूजी वाचण्यात ते कच्चं आहे आणि जतन करतं ते डीएक्सएफमध्ये, म्हणजे कॅड सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकारात. आर्किटेक्टला ‘जुन्या आवृत्तीत डीएक्सएफ करून पाठवा’ असं दर वेळी सांगावं लागेल, आणि दर वेळी तो ऐकेलच असं नाही. ओडीए फाइल कन्व्हर्टर नावाचं मोफत साधन डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ आणि उलटही करून देतं. त्याच्या मदतीनं काम भागतं, पण रोजच्या धबडग्यात ही दुहेरी उठाठेव कंटाळवाणी होते. मधला मार्ग म्हणजे क्यूकॅड. त्याची मोफत आवृत्ती डीएक्सएफपुरती आहे. विकतची प्रोफेशनल आवृत्ती डीडब्ल्यूजीही हाताळते आणि तिची किंमत वर सांगितलेल्या गटाच्या मानानं फारच कमी आहे. हात अगदीच आखडता असेल तर क्यूकॅड प्रोफेशनल घ्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. बंगल्यांसाठी ते पुरेल. ड्राफ्टसाइट मोफत मिळतं असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट समजा. २०१९ च्या अखेरीस त्याची मोफत आवृत्ती बंद झाली.

यातल्या बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती काही दिवस मोफत वापरता येते. ते दिवस विक्रेत्याच्या सुंदर नमुना-नकाशावर घालवू नका. तुमच्या आर्किटेक्टची सगळ्यात जड, सगळ्यात गचाळ फाइल घ्या आणि तीवर तीन गोष्टी करून बघा.

पहिली, माप. फाइल उघडून दहा फुटांची खोली मोजा. ३०४८ आलं तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ३.०४८ आलं तर मीटरमध्ये, आणि १२० आलं तर इंचात. आपल्याकडे तिन्ही प्रकारच्या फाइली येतात, कधीकधी एकाच आर्किटेक्टकडून. इंचातली फाइल मिलिमीटरमध्ये आणायची तर सगळं २५.४ पट करायचं. ते बिनचूक जमतं का आणि नऊ इंची भिंत मग २३० मिलिमीटरच्या आसपास भरते का, पाहा.

दुसरी, मोजणी. एक स्विचबोर्डाचं चिन्ह ब्लॉक म्हणून बनवा, पाच-पन्नास ठिकाणी टाका आणि सॉफ्टवेअरला मोजायला सांगा. ऑटोकॅडमध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘काउंट’ हा हुकूम आहे, इतरांत वेगळ्या नावानं सोय असते. अंदाजपत्रक करताना लाल पेनाचे टिंब बोटानं मोजण्यात तुमची जी संध्याकाळ जाते, ती इथं वाचते. कॅडसाठी घातलेले पैसे खरे वसूल होतात ते या मोजणीत.

तिसरी, प्रिंट. ए-३ कागदावर १:५० ला छापा. ए-३ म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर. १:५० ला त्यावर २१ मीटर बाय साधारण पावणेपंधरा मीटरचा प्लॅन मावतो, म्हणजे बहुतेक बंगल्यांचा एक मजला कडेची चौकट धरूनही आरामात बसतो. छापल्यावर साधी फूटपट्टी लावा. दहा फुटांची खोली ६१ मिलिमीटर भरली पाहिजे. ५८ भरली तर प्रिंटरनं ‘कागदात बसव’ म्हणून नकाशा आक्रसवलाय. वायरमन साइटवर त्याच कागदावर टेप लावणार आहे, म्हणून ही चूक किरकोळ समजू नका.

या तिन्हींत जे टिकेल ते घ्या. वैशिष्ट्यांच्या लांबलचक याद्या वाचत बसू नका. त्रिमितीय चित्रं, रेव्हिट, बीआयएम (इमारतीचं सगळ्या माहितीसकट संगणकावरचं मॉडेल) हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी फार असतात. मोठी रुग्णालयं, टॉवर, मॉल यांच्यासाठी ते सगळं योग्यच आहे. रो-हाउसच्या वायरिंगला त्याची गरज नाही.

दुसऱ्या कामासाठी, म्हणजे कुपवाडच्या स्टार्टर-पॅनेलसाठी आणि घराच्या सिंगल लाइन डायग्रामसाठी, एक रुपयाही खर्चू नका. क्यूइलेक्ट्रोटेक नावाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, मूळ फ्रान्समधलं. त्यात काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले, एमसीबी, मोटर यांची चिन्हं तयार मिळतात. उचलून ठेवायची आणि रेघांनी जोडायची. डीओएल आणि स्टार-डेल्टा या मोटर-स्टार्टरांची आकृती तुम्ही पहिल्या आठवड्यातच काढाल. पीडीएफ निघतं, डीएक्सएफही निघतं. त्यात आर्किटेक्टचा प्लॅन उघडायला मात्र जाऊ नका, ते त्याचं काम नाही.

सॉफ्टवेअर ठरलं की मोठं काम उरतं ते चिन्हसंग्रहाचं. इथं थोडी सविस्तर बोलते, कारण बहुतेक कॉन्ट्रॅक्टर हाच भाग टाळतात आणि मग प्रत्येक नकाशा नव्यानं काढत बसतात.

इंटरनेटवर ब्लॉकचे गठ्ठे फुकट मिळतात, पण ते युरोप-अमेरिकेतले. त्यांत आपला ६ आणि १६ अँपिअरचा सॉकेट नसतो, छताच्या पंख्याचा फॅन बॉक्स नसतो, रेग्युलेटर नसतो, गिझरचा डबल पोल स्विच वेगळा दाखवलेला नसतो, इन्व्हर्टरचा पॉइंट तर नाहीच. तुमचा संच तुम्हीच बनवा. पंचवीस-तीस चिन्हांत सगळं घर मावतं. आकारासाठी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६१७ आहे, आपल्याकडे आयएस १२०३२ आहे, आणि २०२३ मध्ये नव्यानं निघालेली राष्ट्रीय विद्युत संहिताही तुमच्या टेबलावर असू द्या. मानकातली चिन्हं जिथं आहेत तिथं तीच घ्या. जिथं नाहीत, तिथं स्वतःचं ठरवा आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यात चिन्हसूची द्या. वायरमन बिहारचा असो की जतचा, सूची पाहून त्याला कळलं पाहिजे.

ब्लॉक बनवताना काही सवयी पहिल्यापासून लावून घ्या. चिन्ह लेयर शून्यवर काढा, म्हणजे ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग आणि जाडी ते आपोआप घेतं. बोर्डाच्या चिन्हाचा धरायचा बिंदू भिंतीच्या कडेला ठेवा, पंख्याचा मध्यावर. आणि ब्लॉकला माहिती चिकटवायची सोय, जिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, ती जरूर वापरा: बोर्ड क्रमांक, जमिनीपासून उंची, सर्किट क्रमांक. आपल्याकडे मॉड्युलर प्लेटा चालतात, ६, ८, १२ मॉड्यूलच्या. कोणत्या बोर्डात किती स्विच, किती सॉकेट, रेग्युलेटर किती, यावर प्लेट ठरते, आणि प्लेटवर भिंतीतला बॉक्स. तो बॉक्स प्लास्टरच्या आधी लागतो. बोर्डांचं शेड्यूल नकाशाबरोबर तयार असेल तर बॉक्स एकदम मागवता येतात, नाहीतर गवंडी उभा आणि माणूस बाजारात अशी वेळ येते.

लेयर वेगळे ठेवण्याचा खरा फायदा स्लॅबच्या वेळी कळतो. स्लॅबमध्ये पाइप टाकायचे तेव्हा वरच्या मजल्याच्याच काय, खालच्या मजल्याच्या भिंतीही बऱ्याचदा उभ्या नसतात. ‘बेडरूमच्या मध्यावर पंखा’ असं नकाशात दाखवून तिथं काही उपयोग होत नाही, कारण बेडरूमच नसते, फक्त शटरिंगची पाटी आणि सळई असते. म्हणून स्लॅबचं वेगळं पान काढा: फॅन बॉक्स, लाइटचे जंक्शन बॉक्स, पाइपचे मार्ग आणि खाली उतरणारे ड्रॉप, एवढंच. सगळी मापं कॉलमच्या कडेपासून द्या, भिंतीपासून नाही. लेयर नीट असले तर हे पान एकदा मांडून ठेवलं की दर कामात आपोआप तयार होतं. लाल पेनाच्या प्रिंटवर हे कधीच जमलं नसतं.

लेयर किती? लाइट आणि पंखे एक, ६ अँपिअरचे सॉकेट आणि १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट एक, एसी-गिझर एक, इन्व्हर्टर एक, अर्थिंग एक, टीव्ही-इंटरनेट-कॅमेरा एक, आणि पाइप एक. आर्किटेक्टचं सगळं खाली फिक्या राखाडी रंगात आणि कुलूपबंद. शक्य असेल तर त्याची फाइल कॉपी-पेस्ट करू नका, संदर्भ म्हणून जोडा, ज्याला एक्सरेफ म्हणतात. दोन आठवड्यांनी त्यानं जिना हलवला की नवी फाइल त्याच नावानं ठेवायची, तुमचे पॉइंट जागच्या जागी राहतात.

इन्व्हर्टरचा लेयर मी मुद्दाम वेगळा सांगितला. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल आणि मेनवरच्या सर्किटांचा न्यूट्रल कुठंतरी एकत्र आले की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होतो. मग वैतागून घरमालक तो काढून टाकायला सांगतो, आणि माणसाचा जीव वाचवणारी ३० मिलिअँपिअरची ती वस्तू भिंतीवरून नाहीशी होते. हा गुंता बहुतेक वेळा ज्या बोर्डात दोन्ही सर्किटं येतात तिथं होतो. नकाशात इन्व्हर्टरची सर्किटं वेगळ्या लेयरवर असली की असे बोर्ड तुम्हाला वायर ओढण्याआधी दिसतात. मला या सगळ्या खटाटोपाचं मोल वाटतं ते यासाठी. सर्किट मांडताना एका लाइट सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही तुम्हाला पाठ असलेली मर्यादाही प्रत्येक सर्किटाशेजारी लिहून ठेवा. लोडचं गणित मात्र कॅडमध्ये नको, ते एक्सेलमध्ये करा आणि तक्ता नकाशावर आणून ठेवा.

स्विच आणि दिवा यांचं नातं दाखवायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे बोर्डापासून दिव्यापर्यंत कमानदार रेघ ओढतात. युरोपात पाइपच्या एकाच रेघेवर तिरके छेद देऊन किती वायरी आहेत ते सांगतात. बेल्जियममध्ये घराच्या वायरिंगची तपासणी करताना सिंगल लाइन डायग्राम आणि कोणता पॉइंट कुठं आहे तो प्लॅन, दोन्ही लागतात. त्यामुळे तिकडे या कामासाठी खास घरगुती सॉफ्टवेअरही निघाली आहेत. ती आपल्या पद्धतीला बसत नाहीत, पण दोन्ही पानं एकत्र देण्याची शिस्त मात्र मला फार आवडते आणि तुम्ही ती उचलावी असं वाटतं. कमानदार रेघा दहा-बारा बोर्डांच्या मजल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागतात. तिथं रेघा टाळून अक्षरं वापरा: बोर्ड तीनमधला ‘क’ स्विच, आणि त्यावर चालणाऱ्या दिव्यांशेजारीही ‘३क’. जिन्याचा टू-वे यानं विशेष सोपा होतो.

रंगांवर विसंबू नका. स्क्रीनच्या काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी रेघ झळकते, पांढऱ्या कागदावर ती दिसेनाशी होते, आणि साइटवरचा कागद शेवटी झेरॉक्सच्या दुकानातूनच येतो. लाइटची रेघ सलग, इन्व्हर्टरची तुटक, अर्थिंगची टिंब-रेघ असा फरक ठेवा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रतीतही सगळं वाचता येईल.

मराठीत सूचना लिहायच्या असतील, आणि त्या लिहाव्यातच, तर युनिकोड फाँट घ्या: मंगल, निर्मला असे. कॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी येत नाही. जुने बिगर-युनिकोड फाँट तुमच्या लॅपटॉपवर ठीक दिसतात, आर्किटेक्टकडे उघडल्यावर मात्र नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ होते. घेण्याआधी चाचणी आवृत्तीत ‘न्यूट्रल’ आणि ‘स्विच’ लिहून पीडीएफ करून बघा. जोडाक्षरं तुटली तर ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवा.

नाव देण्याची एक साधी रीत ठरवा. फाइलच्या नावात कामाचं नाव, मजला, तारीख आणि सुधारणा क्रमांक. कोपऱ्यातल्या चौकटीत तुमचा लायसन्स क्रमांक. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल २’ अशा फाइली फिरू लागल्या की साइटवर जुन्याच प्रिंटवर झिरी मारली जाते. घरमालकाला आणि वायरमनला पीडीएफच पाठवा. डीडब्ल्यूजी फक्त आर्किटेक्टला. एखाद्याला डीडब्ल्यूजी नुसती पाहायची असेल तर ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत आहे.

काम संपल्यावर प्रत्यक्षात जे झालं त्याप्रमाणे नकाशा दुरुस्त करा. साइटवर बदल होतातच. एसी दुसऱ्या भिंतीवर जातो, किचनचा चिमणी पॉइंट सरकतो. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा आणि त्यावरून पाइपचे मार्ग नकाशात बदला. महावितरणला तुम्ही टेस्ट रिपोर्ट देता, त्याची प्रत आणि हा दुरुस्त नकाशा घरमालकाला एकत्र द्या. उद्या कुणीतरी मॉड्युलर किचन बसवायला ड्रिल घेऊन येणार आहे, त्याच्या हातात हा कागद असायला हवा. आणि याचे पैसे मागा. नकाशा, बोर्ड शेड्यूल, सिंगल लाइन आणि अखेरचा दुरुस्त नकाशा अशी वेगळी ओळ अंदाजपत्रकात घाला. आर्किटेक्ट मागतोय म्हणजे त्याला त्याची किंमत कळते.

आता शिकण्याविषयी. आयटीआयला तुम्ही ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर घेऊन नकाशे काढले आहेत. प्रोजेक्शन, स्केल, रेघांचे प्रकार तुम्हाला येतात. कॅड शिकणाऱ्या नव्या मुलांना नेमकं तेच येत नसतं. तुम्हाला फक्त हुकूम शिकायचे आहेत, आणि वायरिंगच्या लेआउटला लागणारे हुकूम फार नाहीत: रेघ, ऑफसेट, ट्रिम, कॉपी, मूव्ह, ब्लॉक, लेयर, माप, मजकूर, प्रिंट. सहा महिन्यांचा कोर्स नको. पहिला महिना पैसे न घालता लिब्रेकॅडवर बसा आणि स्वतःच्या घराचा एक मजला पूर्ण काढा. त्यानंतर वर सांगितलेल्या गटातल्या एखाद्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवा. त्याआधी उतरवलीत तर तिचे दिवस हुकूम शोधण्यातच संपतील.

मुलीला या कामात जरूर घ्या. चिन्हसंग्रह तिला करू द्या, तिच्या हाताला वेग आहे. कुठला पॉइंट कुठं हवा हे मात्र तुम्हीच सांगा. पॉलिटेक्निकमध्ये तिची शाखा इलेक्ट्रिकल असेल, तर क्यूइलेक्ट्रोटेकवर कुपवाडच्या एखाद्या पॅनेलची आकृती तिच्याकडून काढून घ्या आणि प्रत्यक्ष पॅनेल उघडून तिला वायर बाय वायर ताडून पाहायला सांगा. लॅपटॉप नवा घ्यावा लागला तर रॅम १६ जीबीची घ्या, आणि पडदा मोठा असू द्या. पंधरा इंचापेक्षा लहान पडद्यावर ए-३चा नकाशा काढताना चाळिशीनंतर डोळ्यांना त्रास होतो. जुनाच लॅपटॉप चालवायचा असेल तर त्याला एक वेगळा मॉनिटर जोडा, ते स्वस्तात होतं.